बिघडलाय उजवा, मग स्कॅन डाव्याचा कशाला?

“अहो मॅडम, इंजेक्शनं उजव्यात चालू आहेत. डाव्याला कशाला हात लावता? तो ठणठणीत आहे.”

नाशिकरोडहून येणारे एक काका दर खेपेला हेच म्हणतात. नोकरी सगळी प्रेसमध्ये झाली. नुसतं ‘प्रेस’ म्हटलं की नोटांची, हे नाशिककराला वेगळं सांगावं लागत नाही. छापलेल्या कागदावरची रेघ केसभर सरकली तरी टिपणारी यांची नजर. आणि यांच्याच उजव्या डोळ्याला दाराची चौकट मधोमध पोट सुटल्यासारखी दिसत होती, ते चार-पाच महिने त्यांच्या लक्षातच आलं नाही. एक दिवस डाव्या डोळ्यात कचरा गेला, तो चोळताना फक्त उजव्याने बघायची वेळ आली, तेव्हा कळलं. तोवर नजरेच्या मधोमध करडा डाग बसला होता.

मी डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीचं काम करते. पडद्याचे स्कॅन काढणं हा त्यातला मोठा भाग. बाहेर बाकावर पंधरा जण थेंब घालून डोळे मिटून बसलेले असताना काकांच्या प्रश्नाला पुरतं उत्तर देता येत नाही. म्हणून ते इथे लिहिते आहे.

डोळ्याच्या मागच्या भिंतीला आतून जो पातळ पडदा असतो, तो रेटिना. त्याच्या मधोमध जेमतेम साडेपाच मिलिमीटर रुंदीचा भाग म्हणजे मॅक्युला. मराठीत त्याला पीतबिंदू म्हणतात. वाचणं, सुईत दोरा ओवणं, तांदळातले खडे वेचणं, समोरून येणारा माणूस कोण ते ओळखणं, हे सगळं त्याचं काम. इथल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी रोज आपली जुनी टोकं टाकून देतात आणि त्यांच्या खालचा पेशींचा एक थर ती पचवून टाकतो. वय झालं की हे पचवणं मंदावतं. उरलेला कचरा त्या थराखाली साचून बारीक पिवळसर गाठी होतात, त्यांना ड्रूसन म्हणतात. सव्वाशे मायक्रॉनहून रुंद, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीपेक्षा जरा जास्त असलेलं ड्रूसन ‘मोठं’ समजतात. वयामुळे पीतबिंदू झिजण्याच्या या आजाराला एएमडी म्हणतात. एवढ्यावर थांबलेला आजार तो कोरडा. यात नजर अचानक जात नाही, कित्येकांना तर कळतही नाही.

घात होतो तो ओल्या प्रकारात. पडद्याच्या खालून, जिथे त्यांचं काही काम नाही अशा ठिकाणी, नव्या रक्तवाहिन्या फुटतात. या वाहिन्या कच्च्या असतात, त्यांतून पाणी झिरपतं, कधी रक्तही येतं. पडदा फुगतो आणि सरळ रेघा वाकड्या दिसायला लागतात. वाहिन्यांची ही वाढ रोखणारी इंजेक्शनं डोळ्याच्या आत देतात. लुसेंटिसला अमेरिकेत २००६ मध्ये मान्यता मिळाली, अव्हास्टिनचा वापरही त्याच सुमारास सुरू झाला, नंतर आयलिया आलं. सुरुवातीला साधारण महिन्याला एक अशी तीन, पुढे पडदा कसा वागतो ते बघून. औषध चांगलं आहे. पण त्याची एक अट आहे: जिथे पकडलं, साधारण तिथलं ते टिकवतं. थोडी नजर वर येते, पण वण पडलेला भाग परत मिळत नाही. सुरुवातीची नजर जितकी शाबूत, तितकं शेवटी हाती जास्त राहतं. काकांच्या डाव्या डोळ्याचं सगळं गणित या एका वाक्यात आहे.

आता आकडे. अमेरिकेत या आजारावर ‘एरेड्स’ नावाचा मोठा अभ्यास झाला, त्याचे मुख्य निष्कर्ष २००१ मध्ये आले. त्यातून पुढे धोका मोजायची एक सोपी गुणपद्धत निघाली. एका डोळ्यात आजार पुढच्या टप्प्याला गेला असेल तर त्याचे दोन गुण धरायचे. दुसऱ्या डोळ्यात मोठं ड्रूसन असेल तर आणखी एक, पडद्याचा रंग जागोजागी बदललेला असेल तर आणखी एक. दोन गुण असले तर पाच वर्षांत दुसरा डोळा त्याच वाटेने जायची शक्यता सुमारे १२ टक्के, तीन असले तर २५, चार असले तर ५०. हे आकडे तिकडच्या लोकांवरून काढलेले, आपल्याकडे जसेच्या तसे लागू करू नयेत. पण दिशा कळते. डावा डोळा चांगला दिसतोय म्हणून तो सुरक्षित आहे असं होत नाही. तो उजव्याचाच सख्खा भाऊ. वय तेच, रक्त तेच, आणि बिडी-सिगारेटची सवय असेल तर धूरही तोच.

शिवाय उजवा गेल्यावर डाव्याची किंमत बदलते. दोन कमावत्यांपैकी एक घरी बसला की उरलेल्याच्या साध्या खोकल्यालाही घर दचकतं. डोळ्यांच्या बाबतीत मात्र उलटं होतं. घरचे, पेशंट, कधी कधी आम्हीसुद्धा, सगळे बिघडलेल्या डोळ्याच्या मागे लागतो.

“पण मला तक्त्यावरची शेवटची ओळ दिसते ना!” काकांचा हा मुद्दा जोरदार असतो. त्यांना मी गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीचं उदाहरण देते. पावसाळ्यात पाणी किती चढलं ते आपण त्या मारुतीवरून मोजतो, गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीला टेकलं. पण छातीला पाणी टेकेपर्यंत सराफ बाजारातल्या दुकानदाराने थांबायचं का? तो त्याआधीच गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते बघतो आणि खालच्या फळीवरचा माल वर ठेवतो. तक्ता म्हणजे मारुती. अक्षरं दिसेनाशी होतात तेव्हा पाणी आधीच शिरलेलं असतं. ओसीटी स्कॅन हा धरणावरचा आकडा.

ओसीटी म्हणजे ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी. नाव अवघड आहे, प्रकार साधा. सोनोग्राफीत आवाजाच्या लहरी आत सोडतात आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून चित्र बनवतात. इथे आवाजाऐवजी प्रकाश. अडचण एवढीच की प्रकाश भलताच वेगवान. पडद्याच्या दोन थरांत दहा मायक्रॉनचं अंतर असेल तर दोघांकडून परतणाऱ्या प्रकाशातला फरक, सेकंदाचे दहा लाख कोटी भाग केले तर त्यातल्या एका भागाहूनही कमी. हे मोजणारं घड्याळ कुठून आणायचं? मग युक्ती अशी केली की प्रकाशाचे दोन वाटे करायचे. एक डोळ्यात पाठवायचा, दुसरा यंत्रातल्याच आरशाकडे, आणि दोन्ही परत आल्यावर एकमेकांत मिसळायचे. मिसळताना ते कसे जुळतात, त्यावरून कोणता थर किती खोलीवर आहे ते निघतं. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जेम्स फुजिमोतो, डेव्हिड हुआंग, एरिक स्वॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे करून दाखवलं. पडद्याला ना सुई लागते, ना क्ष-किरण.

प्रत्यक्षात पेशंटला काय करावं लागतं? हनुवटी कपावर, कपाळ पट्टीला घट्ट, आणि आत दिसणाऱ्या निळ्या फुलीकडे बघत राहायचं. “आता एकदा जोरात मिटा... उघडा... आता हलू नका.” दोन-तीन सेकंद. तेवढ्यात यंत्र सहा मिलिमीटर चौरसातले शंभरावर उभे काप घेतं, ब्रेडच्या लादीसारखे. डोळा कोरडा असेल तर चित्र करपल्यासारखं येतं, म्हणून पापण्या मिटायला सांगते. मोतीबिंदू पिकलेला असेल तर धुक्यातून काढल्यासारखं येतं. आणि बिघडलेल्या डोळ्याला ती फुलीच दिसत नाही, तो इकडेतिकडे शोधत राहतो. चांगल्या डोळ्याचा स्कॅन म्हणून झटकन होतो. काकांची तक्रार आणि डाव्याचा स्कॅन यांत तक्रारीलाच जास्त वेळ लागतो.

स्क्रीनवर जे उमटतं ते बघताना मला नव्याने खणलेल्या विहिरीची आठवण होते. वर काळी माती, मग मुरूम, मग खडक, असे थर काठावरून दिसतात ना, तसंच. सगळ्यात वर काळं, तो डोळ्यातला पारदर्शक गर. मग पडद्याचे एकावर एक पट्टे आणि बरोबर मध्ये एक सुबक खळगा. निरोगी डोळ्यात त्या खळग्याच्या तळाशी पडद्याची जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास. सगळ्यात खाली एक जाड, चमकदार, सरळ रेघ. तोच तो कचरा पचवणारा थर. ड्रूसन असेल तर ही रेघ फरशीखाली मुळी शिरल्यासारखी जागोजागी उचलते. आणि पाणी काळं दिसतं. काळी फट, काळा बुडबुडा. विहीर खणणारे मुरुमात ओल दिसली की खूश होतात, आमच्याकडे उलटं.

दुसऱ्या डोळ्यात मी शोधते ते हेच काळं. पण एकट्या आजच्या चित्रावरून फारसं ठरत नाही. या रेघेचा हा उंचवटा गेल्या खेपेला होता का? होता तर एवढाच होता का? खरी तपासणी ही तुलनेची. यंत्र रक्तवाहिन्यांचा नकाशा ओळखून बरोबर मागच्याच जागेवर काप घेऊ शकतं, म्हणजे सहा महिन्यांपूर्वीचा आणि आजचा काप शेजारी शेजारी ठेवता येतात. यासाठी पहिला स्कॅन उपलब्ध हवा आणि शक्यतो एकाच जातीच्या यंत्रावरचा हवा. एका कंपनीचं यंत्र जाडी एका थरापर्यंत मोजतं, दुसऱ्याचं दुसऱ्या. त्यामुळे दोन ठिकाणच्या रिपोर्टांत आकडा वाढलेला दिसला म्हणून घाबरायचं कारण नसतं, आणि तसाच राहिला म्हणून निश्चिंत व्हायचंही.

बघायच्या खुणा आणखी आहेत. ड्रूसनच्या वर पडद्यात चमकदार ठिपके सरकलेले दिसले, तर धोका वाढल्याचं लक्षण. चमकदार रेघ पसरट उचलून दोन रेघांसारखी दिसू लागली, तर खाली रक्तवाहिनी गुपचूप पसरत असल्याचा संशय घ्यायचा. अशा वेळी डॉक्टर ओसीटी-अँजिओग्राफी सांगतात. त्यात वाहतं रक्त टिपलं जातं आणि शिरेत रंग टोचावा लागत नाही. एक गोष्ट तर माझ्याही डोक्यात सुरुवातीला उलटी बसली होती. मोठं ड्रूसन विरून सपाट झालं की मला बरं वाटायचं, गोळ्या लागू पडल्या वगैरे. पुष्कळदा ते खाली बसतं ते त्याच्यावरच्या पेशी मरायला लागल्या म्हणून, किंवा पाणी यायच्या आधीची हालचाल म्हणून. आता ड्रूसन विरलेलं दिसलं की मी तो काप दोनदा बघते.

दिंडोरीकडच्या एक आजी होत्या, घरची द्राक्षबाग. डाव्या डोळ्यात इंजेक्शनं चालू, उजवा ६/६, म्हणजे तक्त्यावर अगदी चांगला. नेहमीच्या खेपेला उजव्याचा स्कॅन काढला तर खळग्याच्या जरा बाजूला, चमकदार रेघेच्या वर, एक बारीक काळी फट. नखाची कड काढावी इतकी. मागच्या चित्रात ती नव्हती. आजींना मी डावा डोळा झाकून समोरच्या खिडकीची जाळी बघायला सांगितली. “सरळच हाय की गं,” म्हणाल्या. मग जरा थांबून, “मांडवाच्या तारा मात्र सकाळी एका जागी ढिल्या वाटतात. मी गड्याला म्हणाले बी, ताण दे म्हणून.” गड्याने बिचाऱ्याने तारा दोनदा ताणल्या होत्या. इंजेक्शन त्याच आठवड्यात सुरू झालं आणि तो डोळा अजून पोथी वाचतो.

दर महिन्याला स्कॅन कोण काढणार, हा प्रश्न बरोबर आहे. गंमत अशी की पहिला डोळा सुधारला की दुसऱ्याची पंचाईत होते. पडदा कोरडा राहिला तर डॉक्टर इंजेक्शनांमधलं अंतर वाढवत नेतात, चार आठवड्यांचे आठ, बारा, कधी सोळा. बिघडलेल्या डोळ्याला ते परवडतं, कारण त्याच्यात औषध आहे. दुसऱ्या डोळ्यात काहीच नाही आणि तोही तितकेच आठवडे कोणी बघत नाही. ही मधली फट घरीच भरावी लागते.

त्यासाठी स्वित्झर्लंडचे डॉक्टर मार्क ॲम्सलर यांच्या नावाचा तक्ता आहे. दहा सेंटिमीटरचा चौकोन, त्यात पाच मिलिमीटरचे चारशे चौकोन, मध्ये ठिपका. वाचायचा चष्मा लावून, हातभराहून जरा जवळ धरून, एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं. मग दुसरा. रेघ वाकली, तुटली, चौकोन पुसट झाला, तर नव्याने झाला का ते ठरवायचं आणि त्याच दिवशी फोन करायचा. तक्ता हरवला तर भिंतीवरच्या कालनिर्णयचे चौकोन चालतात, न्हाणीघराच्या फरश्या चालतात. फक्त दोन्ही डोळ्यांनी एकदम बघू नका. एका डोळ्याची चूक दुसरा झाकतो आणि मेंदू त्याला साथ देतो. काकांचे ते चार-पाच महिने असेच गेले.

घरच्या तपासणीने फरक पडतो याला आधार आहे. घरी ठेवायच्या एका यंत्राचा अमेरिकेत अभ्यास झाला, निष्कर्ष २०१४ मध्ये आले. ओला प्रकार पकडला जाईपर्यंत यंत्र वापरणाऱ्यांची नजर, मधल्या पेशंटच्या हिशेबाने, दवाखान्यातल्या अक्षरांच्या तक्त्यावर चार अक्षरांनी उतरली होती, नेहमीच्या पद्धतीने लक्ष ठेवणाऱ्यांची नऊ अक्षरांनी. असं यंत्र नसलं तरी साधा कागदी तक्ता, रोज, न कंटाळता बघितला तर चार पैशांत होतो. न कंटाळता, ही मात्र मोठी अट. दात घासायच्या जागी आरशाशेजारी चिकटवा.

गुगलच्या डीपमाइंडने लंडनच्या मूरफिल्ड्स नेत्ररुग्णालयाबरोबर नेमक्या याच प्रश्नावर काम केलं, ते २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. एक डोळा ओल्या प्रकाराने गेलेल्या पेशंटच्या दुसऱ्या डोळ्याचे ओसीटी संगणकाला दाखवायचे आणि विचारायचं, येत्या सहा महिन्यांत हा डोळा जाईल का? सहा तज्ज्ञांनाही तेच विचारलं. संगणक सहापैकी पाच जणांपेक्षा सरस ठरला. वर्तमानपत्रात एवढंच येतं. पुढचं वाक्य असं की दर शंभर धोक्याच्या स्कॅनपैकी ८० पकडायचे ठरवलं, तर पुढे काहीच न होणाऱ्या शंभरांपैकी ४५ जणांनाही तो ‘धोका’ सांगतो. खोट्या हाका कमी केल्या तर ८० ऐवजी ३४च सापडतात. माझ्या मते तज्ज्ञ माणसांनाही हे नीट जमत नाही, ही त्यातली जास्त महत्त्वाची बातमी. भविष्य सांगणं कुणालाच जमत नसेल तर वारंवार बघत राहणं भाग आहे.

“मग आधीच एक इंजेक्शन देऊन टाका की डाव्यात!” हेही काकांचंच. तेही करून बघितलं आहे. धोक्यातल्या डोळ्यांना दर तीन महिन्यांनी आयलिया देणाऱ्या आणि न देणाऱ्या गटांत दोन वर्षांनी फारसा फरक दिसला नाही, असं २०२१ मध्ये छापून आलं. गोळ्यांचं मात्र थोडं काम होतं. एरेड्सच्या दुसऱ्या अभ्यासातली क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व, ल्युटीन, झियाझँथिन, जस्त आणि तांबं असलेली गोळी, मधल्या टप्प्यातल्या किंवा एक डोळा गेलेल्या पेशंटला. आजार पुढे सरकायचा धोका पाच वर्षांत चौथाईने कमी होतो, पाणी येणं बंद होत नाही. डॉक्टरांनी सांगितली तरच घ्या. जुन्या मिश्रणातलं बीटा-कॅरोटिन सिगारेट ओढणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढवतं असं दिसलं, म्हणून ते काढून टाकलं. त्यामुळे दुकानातून कुठलीही ‘डोळ्यांची गोळी’ उचलू नका.

स्कॅनवर आंधळा विश्वासही नको. रिपोर्टवर लाल रंग दिसला की मुलं रात्री फोटो काढून पाठवतात. तो लाल रंग म्हणजे यंत्राच्या साठ्यातल्या सरासरी माणसाशी तुलना. डोळा हलला, यंत्राने थराची रेघ चुकीच्या जागी ओढली, की चांगल्या डोळ्यातही लाल येतं. आणि बारीक रक्तस्राव कापांच्या मधून निसटू शकतो. तो डॉक्टर थेंब घालून, बाहुली मोठी करून बघतात तेव्हाच दिसतो. स्कॅन झाला म्हणून थेंब टाळू नका, रिक्षाने यावं लागलं तरी.

एक रडगाणं. बाहेरून येणाऱ्या फायलींत बिघडलेल्या डोळ्याचे आठ-आठ स्कॅन असतात आणि दुसऱ्याचा एकही नाही. एका बाईंच्या दुसऱ्या डोळ्यात उंचवटा दिसला, जुना की नवा ते ठरवायला हाताशी काही नव्हतं. महिनाभर थांबून पुन्हा स्कॅन काढावा लागला आणि तो महिना त्यांनी कसा काढला ते त्यांच्या मुलीने सांगितलं. म्हणून निदान होईल त्याच दिवशी दोन्ही डोळ्यांचा स्कॅन मागून घ्या. फक्त कागद नको. तो ओला होतो, पिवळा पडतो, शिवाय त्यावर शंभरातले दोनच काप असतात. पेनड्राइव्हवर सगळे काप मिळतात का ते विचारा.

काका परवा आले होते. उजव्याचा स्कॅन झाला, पाणी आटलेलं. मी डाव्याची मागची चित्रं उघडत होते. दोन मध्यम ड्रूसन, गेल्या तीन खेपांपासून तिथेच. मान वर केली तर काका हनुवटी सरकवून, पट्टीला कपाळ टेकवून, डावा डोळा फुलीवर लावून बसलेले.

“काढा लवकर,” म्हणाले. “सिन्नरची गाडी सुटेल, मुलीकडे जायचंय.”

रेघ मागच्यासारखीच होती. पुढची तारीख दहा आठवड्यांनंतरची.